माध्यमें अनेक, सांगणें एक

चित्र काढणाऱ्यानें चित्र काढावें आणि त्याविषयीं बोलण्याचें काम दुसऱ्यांवर सोंपवावें, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. स्वतःच्या कामाविषयीं बोलूं लागलेला मनुष्य बहुधा एक तर आत्मस्तुति करतो, नाहीं तर लटकी नम्रता दाखवितो. आणि या दोहोंपैकीं कशानेंही वाचकाच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. तथापि विद्यार्थ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. विद्यार्थ्याचें काम म्हणजे त्यानें जगाला विचारलेला एक प्रश्न होय. तो प्रश्न कोणता होता आणि त्याचें उत्तर कितपत मिळालें, हें ज्यानें विचारला त्यानेंच सांगावयास पाहिजे.

आम्ही मूळचे रेवसचे. याच शाळेंत शिकलों, आणि आतां मुंबईंत कलेचें शिक्षण घेत आहों. गेल्या तीन वर्षांत आम्हीं तीन कामें केलीं. तिन्हींमध्यें एकाच विषयासाठीं हातानें काढलेलें चित्र, ध्वनि, हलतें चित्र, लिहिलेले शब्द व प्रत्यक्ष वस्तु अशीं निरनिराळीं साधनें एकत्र आणावयाचीं होतीं. अशा कामास हल्लीं बहुमाध्यमी काम असें म्हणतात. त्या कामांची हकीकत सांगणें हा या लेखाचा मुख्य हेतु नव्हे. त्यांतून आमचें जें एक मत बनलें, तें वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें मत असें कीं, अनेक माध्यमें हातीं घेण्याचा अधिकार ज्याला प्रत्येक माध्यमाची मर्यादा ठाऊक आहे त्यालाच आहे. आणि विषय जर दुसऱ्याच्या दुःखाचा असेल, तर माध्यम निवडतांना त्या दुःखाच्या धन्याचा शब्द कलावंताच्या शब्दाच्या आधीं ऐकला पाहिजे.

माध्यमांची ही मिसळ म्हणजे परदेशांतून आलेली एक नवी टूम आहे, असा आक्षेप कित्येक वडीलधारीं माणसें घेतात. तो मात्र इतिहासास धरून नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजांतील चित्रकथी पिढ्यानुपिढ्या रामायण-महाभारतांतील प्रसंगांच्या चित्रांची पोथी मांडून, एकेक चित्र पुढें करीत, वाद्यांच्या साथीवर कथा गात आले आहेत. या परंपरेंतील श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री हा सन्मान मिळाला. चित्र, गाणें, वाद्य आणि कथा हीं चारही तेथें एकत्र नांदतात, आणि त्या कलावंतांस कोणीं नवमतवादी म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. कांचेच्या पट्ट्यांवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या उजेडानें पडद्यावर पाडावयाचीं, त्या पट्ट्या बदलून हालचालीचा भास उत्पन्न करावयाचा, आणि जोडीला निवेदन व गाणें, असा तो प्रकार होता. आपल्या देशांत चित्रपट येण्यापूर्वींची ही गोष्ट आहे.

आणि फाळक्यांना विसरून कसें चालेल? त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ सालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकावयास आले आणि पुढें बडोद्याच्या कलाभवनांत गेले. चित्रकला, छायालेखन, छपाई आणि जादूचे प्रयोग हीं सर्व अंगें त्यांनीं हाताळलीं. मुंबईंत १९११ सालीं येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहून त्यांच्या मनांत जें बीज पडलें, त्यांतून ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. परंतु आम्हांस त्यांचें विशेष कौतुक वाटतें तें याचें, कीं हा मनुष्य आपल्या कामाचा विचार मोकळेपणानें लोकांपुढें मांडीत असे. १९१७-१८ च्या सुमारास ‘नवयुग’ मासिकांत त्यांनीं आपल्या धंद्याविषयीं व त्यांतील धडपडीविषयीं लेख लिहिले. चित्रपट कसा तयार होतो हें दाखविणारा एक लहानसा चित्रपटही काढला. चित्रकारानें बोलूं नये म्हणणाऱ्यांस याहून चांगलें उत्तर आमच्यापाशीं नाहीं.

तेव्हां मिसळ जुनी आहे. नवी आहे ती सुलभता. पटवर्धनांना एकेक कांच रंगवावी लागे. फाळक्यांना पट्टी धुण्यापासून सर्व शिकावें लागलें. आज खिशांतल्या फोनांत चित्र, आवाज व हलतें चित्र हीं तिन्ही एका बोटाच्या दाबानें सांठविलीं जातात. श्रम कमी झाले ही गोष्ट चांगली. परंतु श्रमाबरोबर विचारालाही रजा मिळाली, तर तें नुकसान मोठें आहे.

आतां आमच्या कामांकडे वळूं. रेवस हें अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोंकाचें बंदर. अंबा नदी धरमतरची खाडी होऊन येथें समुद्रास मिळते. पलीकडच्या तीरावर उरण तालुक्यांतील करंजा दिसतें. कांठानें तिवरांचें रान, मागें खारेपाटाची भातजमीन, आणि समुद्राचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून घातलेले बांध, असा हा मुलूख आहे. आमचें पहिलें काम धक्क्याविषयीं होतें. भरती-ओहोटीचें चक्र रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकतें, त्यामुळें एकाच वेळीं रोज धक्क्यावर बसणाऱ्यास पंधरवड्यांत खाडीचीं सर्व रूपें पाहावयास मिळतात. आम्हीं तशीं सहा चित्रें काढलीं, आणि रंग म्हणून खाडीचाच चिखल पाण्यांत कालवून वापरला. या चिखलांत मीठ असतें. पावसाळी हवेंत तें ओल ओढून घेतें व चित्र गडद होतें. कोरड्या दिवसांत तेंच चित्र फिकें पडून कागद ताठ होतो. धक्क्याचें चित्र असें ऋतूबरोबर बदलत राहिलें.

त्या चित्रांसोबत आम्हीं लाँचच्या यंत्राचा आवाज ठेवला. लाँच दिसण्याच्या कितीतरी आधीं ऐकूं येते, आणि धुकें असलें म्हणजे ती आवाजानेंच ओळखावी लागते. हें अंतर कागदावर दाखवितां येत नाहीं. उलट ओहोटीनंतर चिखलावर उरणाऱ्या रेघा कोणत्याही ध्वनींत ऐकूं येत नाहींत. यावरून आम्हीं जो नियम मनाशीं बांधला तो साधा आहे: जें एका माध्यमानें सांगितलें, तें दुसऱ्यानें पुन्हां सांगूं नये. लाँचचें चित्र आणि लाँचचा आवाज दोन्ही शेजारीं ठेवले, तर पाहणारा फक्त ताळा जुळवितो. चिखलाचें चित्र आणि न दिसणाऱ्या लाँचचा आवाज शेजारीं ठेवले, म्हणजे तो वाट पाहूं लागतो. बंदरावर माणूस आणखी काय करतो?

दुसरें काम शेताविषयीं होतें. फाळक्यांनीं १९१२ सालीं कुंडींत वाटाणा पेरून, त्याचीं रोज थोडीं थोडीं चित्रें घेऊन, अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली होती. त्यांच्या या युक्तीचा धागा धरून आम्हीं खारेपाटांतील एका भातखाचराचें रोज एक याप्रमाणें, एकाच जागेवरून, पेरणीपासून कापणीपर्यंत १२० छायाचित्रें घेतलीं. तीं सेकंदास बारा या वेगानें फिरविलीं कीं दहा सेकंदांत हिरवें शेत वर येतें, डोलतें, पिवळें पडतें आणि नाहींसें होतें. पाहणारे खूष होतात. परंतु या दहा सेकंदांत चिखलणी नाहीं, लावणीला वांकलेली पाठ नाहीं, बांधाला पडलेलें भोंक रात्रीं कंदील घेऊन बुजविणारा शेतकरी नाहीं. पीक आपोआप आल्यासारखें दिसतें! म्हणून त्या हलत्या चित्राशेजारीं आम्हीं एक लांब कागद टांगून त्यावर १२० दिवसांची यादी साध्या अक्षरांत लिहिली: कोणत्या दिवशीं किती माणसें शेतांत होतीं आणि तीं काय करीत होतीं. हलत्या चित्रानें काळ आंखडला. शब्दांनीं तो पुन्हां लांब केला.

लिहिलेल्या शब्दाची थोरवी आम्हांस याच कामांत कळली. याच खारेपाटांत १९३३ पासून १९३९ पर्यंत चरी व आसपासच्या गांवांतील कुळांनीं खोतीच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं संप करून जमिनी पडीक ठेविल्या. त्या वेळच्या एखाद्या पडीक शेताचें छायाचित्र कोणीं घेतलें असतें, तर त्यांत गवत व माती एवढेंच दिसलें असतें. शेत दुष्काळानें ओस पडलें, आळसानें पडलें, कीं निश्चयानें पडलें, हें छायाचित्रास सांगतां येत नाहीं. तें सांगावयास वाक्यच लागतें. म्हणून जे विद्यार्थी यंत्रांच्या नादांत भाषेचा अभ्यास टाकतात, ते आपल्या हातांतील एक हत्यार बोथट करतात, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या कामाचा विषय रेवसच्या कोणाही मनुष्यास सांगावा लागणार नाहीं. गुरुवार, दिनांक १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट रेवसला यावयास निघाली. ती १९३६ सालीं इंग्लंडांत बांधलेली होती. आषाढी अमावास्येच्या सणाला घरीं पोंचण्यासाठीं निघालेल्या माणसांनीं ती भरली होती. वादळी पावसांत काश्याच्या खडकाजवळ ती कलंडली आणि बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळें मुंबईस बातमी कळावयास कित्येक तास लागले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनीं पुष्कळांस पाण्यांतून उचलून घेतलें. पुढें २९ दिवसांनीं देश स्वतंत्र झाला, आणि देशाच्या आनंदांत या किनाऱ्याचें दुःख बाहेरच्या जगास फारसें ऐकूं गेलें नाहीं. त्या वेळीं दहा वर्षांचें असलेलें मूल आज नव्वदीच्या घरांत आहे. ज्यांना तो दिवस स्वतःच्या डोळ्यांनीं आठवतो अशीं माणसें आतां बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. काम लांबणीवर टाकण्यास सवड नव्हती.

आमच्या कांहीं सहाध्यायांची सूचना अशी कीं, एक अंधारी खोली करावी, वाऱ्याचा व लाटांचा प्रचंड आवाज सोडावा, भिंतींवर उसळतें पाणी दाखवावें, माणसांच्या किंकाळ्या ऐकवाव्या. पाहणाराच्या अंगावर कांटा आला पाहिजे. सूचना करणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. अंगावर कांटा आल्याखेरीज दुःखाची ओळख पटत नाहीं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. परंतु ती खोली रेवसला मांडली तर तींत कोण येईल, हा विचार आम्हांस सुटेना. जिचा बाप त्या बोटींत गेला, ती म्हातारी तेथें येईल. तिला किंकाळ्या ऐकविण्याचा आम्हांस काय अधिकार? बाहेरच्या प्रेक्षकाला जो थरार, तो घरच्या माणसाला पुन्हां एकदां तोच दिवस.

म्हणून आम्ही आधीं विचारावयास गेलों. एका आजींनीं बोलण्यास होकार दिला, पण दोन अटी घातल्या. “माझा आवाज न्या, नांव नेऊं नका. आणि मला रडूं आलें तर तेवढें काढून टाका. तें माझें आहे.” आम्हीं दोन्ही अटी मान्य केल्या व अक्षरशः पाळल्या. रडण्याचा भाग ठेवला असता तर काम अधिक परिणामकारक झालें असतें, असें आम्हांस एका जाणत्या गृहस्थांनीं पुढें सुनावलें. झालें असतें, यांत संशय नाहीं. परंतु जी वस्तु आपली नाहीं तिच्यानें आपलें घर सजवूं नये, हा नियम कलेलाही लागू आहे, असें आम्ही मानतों.

शेवटीं काम झालें तें असें. एका पांढऱ्या खोलींत शिडाचें जुनें कापड टांगलेलें, त्यावर एकही चित्र नाहीं. तीन वृद्धांचे आवाज एकामागून एक, कधींही एकत्र नाहींत, मागें वाद्य नाहीं, समुद्र नाहीं. त्या आजी आपला बाप मुंबईहून काय आणणार होता तें सांगतात: बांगड्या आणि एक काळी छत्री. त्या खोलींत काळी छत्री ठेवावी, अशी सूचना पुन्हां आली. आम्हीं ठेवली नाहीं. आजींच्या शब्दांनीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें जी छत्री उभी राहते, ती प्रत्येकाच्या घरची असते; खोलींत ठेवलेली छत्री मात्र दुकानांतून आणलेली असती. पहिल्या कामांतला नियम येथें पुन्हां उपयोगीं पडला.

हें काम आम्हीं मुंबईस नेण्यापूर्वीं गांवांत मांडलें. दाराशीं एक कोरी वही ठेवली होती. लिहिण्याचें काम गांवाकडे सोंपविलें होतें. पहिल्या दिवशीं वही कोरीच राहिली. दुसऱ्या दिवशीं एका वृद्ध कोळीबाबांनीं आपल्या नातवाकडून तींत लिहवून घेतलें कीं, त्यांच्या वडिलांनीं होडींतली मासळी समुद्रांत टाकून माणसांना जागा केली होती. त्यानंतर आठवडाभरांत वहीचीं तीस पानें भरलीं. आमच्या तिन्ही कामांत जें कांहीं टिकण्यासारखें आहे, तें त्या वहींत आहे, आणि त्यांतील एकही अक्षर आमचें नाहीं.

येथें एका नव्या प्रश्नाविषयीं बोलणें भाग आहे. एक-दोन वाक्यें लिहून दिलीं असतां संगणक आज क्षणांत बुडत्या बोटीचें चित्र काढून देतो. एखाद्याच्या आवाजाचा थोडासा नमुना दिला तर त्या आवाजांत वाटेल तें बोलून दाखवितो. हीं साधनें वापरूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. फाळक्यांनीं पडद्यावर कितीतरी चमत्कार दाखविले. पण ते चमत्कार आहेत हें पाहणाऱ्यास ठाऊक होतें, आणि कोणीं त्यांस पुरावा मानलें नाहीं. जेथें साक्षीदार होते आणि ते एकेक करून जात आहेत, तेथें यंत्रानें बनविलेलें चित्र ठेवणें ही गोष्ट मात्र वेगळी आहे. वीस वर्षांनीं एखादें मूल तें चित्र पाहील आणि ‘रामदास अशी बुडाली’ असें समजेल. आजींचा आवाज व यंत्राचा आवाज यांतील भेद सांगणारें तेव्हां कोणी उरलेलें नसेल. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, कल्पनेच्या विषयांत हीं साधनें उघडपणें, तसें लिहून, वापरावीं. स्मृतीच्या विषयांत त्यांना दाराबाहेर ठेवावें. रिकामें शिड हें खोट्या चित्रापेक्षां अधिक खरें आहे.

कलाशिक्षणाविषयीं एक विनंती करून हा लेख आटोपतों. विद्यार्थ्याच्या कामाची परीक्षा करतांना त्यांत किती माध्यमें आलीं हें मोजण्याची प्रवृत्ति आम्हांस अनेक ठिकाणीं दिसते. त्याऐवजीं एकच प्रश्न विचारावा: यांतून हें एक माध्यम काढून घेतलें तर काय कमी होतें? कांहींच कमी होत नसेल, तर तें काढून टाकावें. आणि ज्या विद्यार्थ्यास रोज अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचा कंटाळा येतो, त्यानें यंत्राकडून फारशी आशा धरूं नये. डोळा व कान यांना शिस्त लागल्यावर यंत्र हें चांगलें चाकर आहे.

आपल्या शाळेंतील बंधुभगिनींस आमचें सांगणें असें. रेवस आणि करंजा यांमधील पुलाची योजना कित्येक दशकें चर्चेंत आहे. पूल होईल तेव्हां लोकांची मोठी सोय होईल, आणि त्याच दिवशीं तरीच्या लाँचचा आवाज कमी होऊं लागेल. होडीच्या भागांचीं, वाऱ्यांचीं, माशांचीं आणि भरतीच्या वेळांचीं जीं नांवें आपल्या घरांतलीं वडील माणसें सहज बोलतात, त्यांतलीं पुष्कळ आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहींत. प्रत्येक वर्गानें वर्षाकाठीं एका वृद्ध मनुष्याचा आवाज, त्याची परवानगी घेऊन, सांठवावा. तारीख व ठिकाण लिहावें. नांव द्यावयाचें कीं नाहीं, आणि कोणता भाग वगळावयाचा, हें त्यास विचारावें. एक प्रत शाळेंत व एक त्या माणसाच्या घरीं ठेवावी. यास पैसा लागत नाहीं. एक कपाट, एक वही आणि थोडी सभ्यता पुरते. सुट्टींत घरीं जाल तेव्हां आधीं विचारा, मग ऐका, आणि ऐकून झाल्यावर चित्र काढावयास बसा.